चावीवाल्याचा डावा गाल

अकरावी मॅट्रिक होऊन मी घरी बसले, त्या उन्हाळ्यात आईने दोन वार दुसुती आणून माझ्या मांडीवर टाकली. "दोन पोपट काढ, मधात कमळ," ती म्हणाली. "पावने येतीन तवा दाखवाले काईतरी पायजे." पाहुणे कोण, कुठले, काहीच ठरलेलं नव्हतं. पण आमच्याकडे मुलगी घरी बसली की भरतकाम सुरू होई, आणि भरतकाम सुरू झालं की पाहुणे येत.

साल चौऱ्याहत्तर किंवा पंच्याहत्तर असावं. वडील जऊळका स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे जड लोखंडी दांडा ओढून सांधा बदलायचं त्यांचं काम. तेव्हा आमची लाइन मीटरगेजची होती आणि दिवसातून मोजक्याच गाड्या येत. क्वार्टरला दोन खोल्या, दार थेट रुळांकडे. दारासमोर कडुनिंब आणि त्याखाली पाण्याचा माठ. भरतकामाला मी त्या निंबाखालीच बसायची, कारण आतल्या खोलीत चौकटी नीट दिसत नसत.

दुसुतीचं कापड असं की त्याची वीण ठळक असते, बारीक बारीक चौकटी आपोआप दिसतात. एका चौकटीत दोन तिरपे टाके, म्हणजे एक फुली. अशा फुल्या शेजारी शेजारी भरत गेलं की फूल होतं, पक्षी होतो. शाळेतल्या एका मैत्रिणीकडून जुन्या मासिकातलं नमुन्याचं पान मिळालं होतं. त्यावर चौकोनाचौकोनांचा पोपट छापलेला होता. मी तो मोजून मोजून उतरवला. पंधरा दिवसांत काम झालं, पण तो काही पोपट झाला नाही. हिरव्या पानाला कोणीतरी लाल चोच लावावी तसं ते दिसत होतं. आईला आवडलं. मला मात्र कळेना, मासिकातला पोपट पोट फुगवून बसलाय आणि माझाच का असा चपटा.

मी ते पान डोळ्यांजवळ नेलं. तेव्हा दिसलं की त्याच्या पोटात तीन हिरवे रंग आहेत. वर फिका, मध्ये थोडा गडद आणि खाली, फांदीजवळ, अगदी काळपट. माझ्याजवळ एकच हिरवा होता.

गावात कापड आणि बटणं-दोरे ठेवणारं एक दुकान होतं. दुकानदार जैन, वयस्कर, बोलायला शांत. त्यांनी रेशमाच्या लड्यांची पत्र्याची पेटी माझ्यासमोर उघडली. "दोनच हिरवे येते आपल्याकडं. पोपटी अन् हा गर्द."

"यायच्या मधातला नाई काय?"

त्यांनी दोन्ही लड्या हातात घेऊन पाहिल्या, जणू हा प्रश्न त्यांनाही पहिल्यांदाच पडला होता. "मधातला नाई आला कधी. मांगतच नाई ना कोनी."

मी दोन्ही घेऊन आले. मधला हिरवा सापडला तो चुकून. रेशमाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन सुटे करून आम्ही सुईत ओवायचो. एके दिवशी पोपटीचा एकच पदर हाताशी उरला. उठून नवी लडी आणायचा कंटाळा आला म्हणून मी त्याच्या जोडीला गर्द हिरव्याचा एक पदर ओवला आणि चार-पाच फुल्या टाकल्या. जवळून पाहिलं तर दोन्ही दोरे वेगवेगळे दिसत होते. पाणी प्यायला उठले आणि माठापासून सहज वळून पाहिलं, तर तिथे एक तिसरा हिरवा होता. मी पुन्हा जवळ गेले, तर तो नाहीसा झाला. पुन्हा मागे सरकले, पुन्हा आला. आई दारातून पाहत होती. "काय नाचून राह्यली वं?" ती म्हणाली. मी तिला माठापाशी उभं करून दाखवलं. तिने मान हलवली. "चांगलं हाय. आता दुसरा पोपट कर."

दुसरा पोपट मी केला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच काही घोळायला लागलं होतं. पोपटाला पोट असतं तसा माणसाला गाल असतो, नाक असतं. ते चौकटींत कसं येईल?

शाळेची आलेखवही अर्धी कोरी पडली होती. तिच्यात मी माणूस काढायला बसले. रुंदीला बावीस घरं, उंचीला चाळीस. एवढ्यात पूर्ण माणूस बसवायचा म्हणजे तोंडाला पाच घरं रुंदी आणि सहा घरं उंची यायची. दोन डोळे दोन घरांत. ओठ दोन घरांत. नाकाला घरच उरेना. नाकाच्या जागी मी एक काळं घर भरलं तर त्या माणसाला तिसरा डोळा फुटल्यासारखं दिसलं. मग मी लोकांची नाकं पाहायला लागले.

रोज सकाळी आमच्या दारावरून चावीवाला जायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत गुंडाळलेले लाल-हिरवे झेंडे. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी पक्के बसवलेले असतात त्यातली एखादी सैल झाली असेल तर ती ठोकत ठोकत तो वाशिमच्या बाजूला जाई आणि दुपार कलली की त्याच वाटेने परत येई. तांड्यावरचा माणूस, बंजारा. उंच, काळाभोर, डोक्याला लाल पटका. परत येताना निंबाखाली थांबायचा, आई त्याला पाणी द्यायची, आणि वडील असले तर दोघं रुळांबद्दल बोलत बसायचे. मी त्याला मामा म्हणायची. माझ्या दृष्टीने त्याची सोय अशी होती की तो रोज येत होता आणि एका जागी थोडा वेळ तरी बसत होता.

मी त्याच्या तोंडाकडे पाहायची. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे शोधायची. आणि एक दिवस कळलं की नाक असं वेगळं दिसतच नाही. दिसते ती त्याची एका बाजूची सावली. म्हणजे नाकाला घर लागतच नाही. गालाच्या रंगाहून जरासा गडद असा एकच चौकोन, डोळ्याच्या खाली, एका अंगाला. तेवढं पुरे. मी धावत आत जाऊन वहीत तो चौकोन भरला आणि त्या कागदी माणसाला नाक आलं.

आईने मला बाजूला घेतलं. "काहून पायतं त्याच्या तोंडाकडं सारखी? लोकं काय म्हनतीन?"

"नाक पायतो," मी म्हणाले.

"नाक?" आई म्हणाली.

मी ते दुसुतीवर घ्यायला सुरुवात केली. दुकानात तपकिरी दोनच होते, एक बदामी आणि एक चॉकलेटी. काळा होता. काळा वापरून मी गळ्याखालची सावली भरली तर मामाचा गळा कापल्यासारखा दिसायला लागला. उसवला. नुसता चॉकलेटी वापरला तर दाढीसारखा दिसला. तोही उसवला. मग मी निंबाखाली बसलेल्या मामाच्या गळ्याकडे नीट पाहिलं. पटक्याचा लाल आणि निंबाखालचा निळसर अंधार मिळून तिथे जांभळ्यासारखं काहीतरी होतं. जांभळी लडी घरात होती, कमळासाठी आणलेली. चॉकलेटीचा एक पदर आणि जांभळीचा एक, असं ओवून मी आठ फुल्या टाकल्या. रुळापर्यंत जाऊन वळून पाहिलं. गळा गळ्याच्या जागी गेला होता.

आता आमच्या घरात मुलं संगणकावर जुने खेळ काढतात, तेव्हा त्यातले ते ठेंगणे उड्या मारणारे गडी मी थांबवायला लावते आणि जवळून पाहते. तेही चौकोनांचेच असतात. कोणीतरी कुठेतरी बसून त्यांच्या गालाला गडद चौकोन दिलेला असतो आणि सावलीत जांभळा घातलेला असतो. मला त्या माणसाशी बोलावंसं वाटतं. तेव्हा मात्र असं काही जगात व्हायचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. जऊळक्याला तर अजून टीव्हीसुद्धा कोणी पाहिला नव्हता.

एका दुपारी मामानेच विचारलं. "काय पायतं वं पोरी रोज? माया तोंडाले काई लागलं काय?"

वडील तिथेच होते. आई दारात थिजली. मी आत जाऊन कापड आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यांजवळ धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. "काय हाय हे? गोधडीचा तुकडा?"

"तिथून नाई दिसत मामा. दूर जा."

वडिलांनी कापडाची दोन टोकं धरली. मामा उठला, अंगण ओलांडून खडीवर चढला आणि पहिल्या रुळावर उभा राहिला. तिथून त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उतरून परत आला, जवळून पाहिलं आणि पुन्हा रुळापर्यंत गेला. वडील टोकं धरून हसत उभे होते.

"हा मी हाओ काय?" त्याने तिकडूनच विचारलं.

"व्हय," वडील म्हणाले.

तो जवळ येऊन माठाशी बसला. म्हणाला, "माया फोटू नाई काढला कधी कोनी." आणि हातोडा उचलून गेला.

चार-पाच दिवसांनी त्याची बायको आली. एकटीच, रुळाच्या कडेकडेने चालत, ओटीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तिच्या काचोळीवर आरसे लावलेले, त्यांच्या भोवती लाल-पिवळ्या दोऱ्यांचे इतके बारीक टाके की ती बसल्यावर मी आधी तिच्या बाहीकडेच पाहत राहिले. शेंगा आईच्या सुपात ओतून तिने मला म्हटलं, "दाखव."

तिला दूर जायला सांगावं लागलं नाही. तिने कापड हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि तशीच पाहत राहिली. मग उलटी बाजू पाहिली, माझ्या गाठी पाहिल्या आणि जरा तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "तो नोहे हा."

मला रडू यायचंच बाकी होतं. "काहून?"

"त्याचा एक खांदा खाली राह्यते. हातोड्याचा. असा सारका सारका नाई त्याचा." तिने बोटाने कापडावर दाखवलं. "हा खांदा एक घर खाली घे. अन् हा गाल उजय कायले केला तू?"

तो त्याचा डावा गाल होता. मी तिला समजावून सांगितलं. सकाळी मामा वाशिमकडे जातो तेव्हा ऊन डाव्या बाजूने येतं. म्हणून डावा गाल उजळ, उजवा सावलीत. हे मी स्वतः पाहून ठरवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

"अन् दुपारी परत येते तवा?"

मी विचार केला. परत येताना त्याचं तोंड उलट दिशेला आणि सूर्यही उलट बाजूला गेलेला. म्हणजे ऊन पुन्हा डावीकडेच.

"मंग?" ती म्हणाली. "जाताना बी तोच गाल जयते, येताना बी तोच. बारा वर्सं झाले. घरी बसला का दिसते मले, एक गाल काया, एक त्याच्याहून काया. तुले उजय दिसला तो, उनाचा हाय. गालाचा नोहे."

त्या दिवशी आईने तिला जेवूनच जा म्हटलं आणि ती थांबली. मी मात्र ताटावर बसूनही तेच घोळवत होते. उन्हात चमकणारा गाल मुळात जास्त काळा आहे. मग चौकटीत काय भरायचं, गालाचा रंग की उन्हाचा? गडद भरला तर ऊन जाईल. फिका भरला तर मामा जाईल.

मी दोन दिवस दोरे नुसते मांडून बसले. तिसऱ्या दिवशी जमलं. डाव्या गालाला चॉकलेटीचा एक पदर आणि हळदीसारख्या पिवळ्याचा एक. उजव्या गालाला बदामीचा एक आणि जांभळ्याचा एक. दोन्ही गाल जवळपास सारखेच गडद झाले, पण एक तापलेला दिसायला लागला आणि दुसरा गार. फिकं म्हणजे उजेड आणि गडद म्हणजे सावली, असं मी धरून बसले होते. तसं नव्हतं. मग मी खांदा उसवला आणि एक घर खाली घेतला. त्या एका घराने तो माणूस चालायला लागला.

आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले. आसेगावचे, शेतीवाडी असलेलं घर. मुलगा आला नव्हता. त्याचे आईवडील आणि एक काका आले होते. आईने पोपटाचं कापड टेबलावर अंथरलं होतं. चावीवाल्याचं कापड तिने घडी करून कपाटावर ठेवलं होतं, पण मुलाच्या आईला आणखी काही पाहायचं होतं. "अजून काय काय येते पोरीले?" असं म्हणत त्या उठल्या आणि त्यांनीच ती घडी काढली.

"हे कोन व्हय?"

आई म्हणाली, "शेतकरी हाय. नमुन्यातला."

खोटं ती फार कमी बोलायची, त्यामुळे ते लगेच कळायचं. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी कापड इतकं जवळ धरलं होतं की त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि मला ते सहन होईना.

"चावीवाले मामा हायेत," मी म्हणाले. "लाइनीवरचे. जरा दूर धरा, मंग दिसतीन."

त्यांनी ते दूर धरलं नाही. टेबलावर ठेवलं. "कोन्या लोकायचे?"

"तांड्यावरचे," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीही वेगळं नव्हतं.

चहा झाला. काका मुलाच्या वडिलांना हळू म्हणाले, पण आम्हाला ऐकू यावं इतपतच हळू, "पोरीचे डोये लय फिरते दिसते." ते गेले आणि आठवड्याभरात कार्ड आलं, योग जुळत नाही म्हणून.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती वडिलांशीच, मला ऐकू जाईल अशी. "इतके पोपट पडले होते जगात. तिले मानूसच पायजे होता." वडील सांध्याला लावायच्या तेलाचा डबा घेऊन निघाले होते. ते थांबले. "मले विचारशीन तं," ते म्हणाले, "मी रोज त्याले पायतो. त्याचा खांदा खाली राह्यते हे मले मालूम नोतं." आणि ते कामावर गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं, आई माठापाशी उभी होती. निंबाच्या बुंध्याला खिळ्यावर मी कापड टांगलं होतं आणि ती तिथून त्याच्याकडे पाहत होती.

माझं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, कारंज्याला. नवऱ्याने माझ्या भरतकामाबद्दल काही विचारलं नाही आणि अडवलंही नाही. तिथे मुलींच्या शाळेत मी शिवण आणि भरतकाम शिकवायला लागले आणि बरीच वर्षं शिकवलं. पहिल्या तासाला मी मुलींना सुई देत नसे. शेजारणीच्या नाकाकडे पाहा म्हणायची. त्या हसायच्या, मग पाहायच्या.

पण कार्ड आलं त्याच महिन्यातली एक सकाळ सांगायची राहिली. चावीवाल्याची बायको पुन्हा आली. आधी तिने कापड पाहिलं, तसंच हातभर लांब धरून. खांदा पाहिला, गाल पाहिला. मग खाली बसली आणि म्हणाली, "आता तो हाय."

आईने ते कापड तिच्या हातून घेतलं. मला वाटलं आत ठेवायला नेते आहे. तिने त्याची नीट चौघडी केली आणि पुन्हा तिच्याच मांडीवर ठेवली. "घेऊन जा बाई. तुमच्याच घरचं हाय."

तिने नाही म्हटलं नाही. घडी पुन्हा उलगडून कापडाची कोरी बाजू हाताने चाचपली. मग म्हणाली, "त्याच्या बाजूले जागा हाय अजून. कापड मोठं हाय."

मला पटकन कळलं नाही. आईला कळलं. ती हसली आणि आत जाऊन माझी आलेखवही घेऊन आली.

"मी बसतो," मामाची बायको म्हणाली. "हालत नाई. मले कोरड्या लाकडावानी बसता येते." निंबाखाली ओटीचा पदर सारखा करून ती बसली. पानांमधून ऊन तिच्या तोंडावर तुकड्यातुकड्यांनी पडत होतं आणि काचोळीवरच्या आरशांचे कवडसे तिच्या हनुवटीवर खालून हलत होते. उजेड खालूनही येऊ शकतो, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी पेन्सिल हातात धरून तशीच बसले. तिने डोळे समोर ठेवूनच विचारलं, "कोन्या रंगाची दिसतो मी तुले?"

पटकन सांगता आलं असतं. गावात कोणीही एका शब्दात सांगितलं असतं. "थांबा, पाहू द्या," मी म्हणाले, आणि वहीच्या कडेला लिहायला लागले. कपाळाला बदामी आणि पिवळा. गालाला चॉकलेटी, त्यात थोडा लाल. हनुवटीखाली, जिथे आरशाचा उजेड होता, तिथे चक्क पोपटी, कारण निंबाची पानं त्या आरशांत शिरली होती. पॅसेंजर येऊन गेली तरी ती हलली नाही. माझे सहा रंग लिहून झाले होते आणि तिची मान अजून व्हायची होती.